त्याला थांबवतं कोण?



मागच्या वेळी यादवबाबांच्या मंदिरावर लिहिलं होतं. ते वाचून पुण्याहून भाचीचा फोन आला, "मामा, इतिहास म्हणजे फक्त देवळं आणि लढायाच का हो?" प्रश्न रास्त आहे. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे हात आपोआप तिकडेच वळतो. म्हणून आज एका वेगळ्याच गोष्टीचा इतिहास सांगतो. ती गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, आणि माझं तिच्यापायी एक जुनं देणं आहे.

आधी देणं सांगतो. १९८० नंतरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा जवळच्याच एका गावात शाळेवर होतो. विज्ञानाच्या सरांची बदली झाली आणि नवीन माणूस येईपर्यंत नववीचं विज्ञान माझ्या गळ्यात पडलं. बी. ए. मराठी माध्यमातून झालेल्या माणसाने पेशी शिकवायची! रात्री कंदिलाच्या उजेडात धडा वाचायचा आणि सकाळी वर्गात ओतायचा, असा कारभार. विकराचा धडा आला. मी आपलं शेतातलं उदाहरण दिलं: विकर म्हणजे न थकणारा गडी, काम करून देतो आणि स्वतः आहे तसाच शिल्लक राहतो, पुन्हा पुढच्या कामाला तयार. मला वाटलं, झकास जमलं.

मागच्या बाकावरून एक पोरगा उभा राहिला. "सर, थकत नाही, संपत नाही, मग त्याला थांबवतं कोण?"

मला उत्तर माहीत नव्हतं. तसं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बस खाली. परीक्षेला येणार नाही." वर्ग हसला. तो बसला. त्यानंतर त्या वर्षात त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही.

असो. आता मधली सगळी वर्षं ओलांडून २० मे २०२५ वर येतो. त्या दिवशी पुण्यात जयंत नारळीकर गेले. आमच्या पिढीला नारळीकर म्हणजे काय होते हे नव्या मुलांना सांगून कळायचं नाही. केंब्रिजहून १९७२ साली हा माणूस मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परत आला, आणि १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा टोपणनावाने पाठवली. टोपणनाव काय, तर नारायण विनायक जगताप. आपलीच आद्याक्षरं उलटी करून! पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा परीक्षकांना कळलं. त्यांच्या पत्नी मंगलाताई गणितज्ञ, त्या जुलै २०२३ मध्ये गेल्या. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' सोबत 'वीस एक' असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला, तेव्हा समितीच्या अध्यक्षा त्याच होत्या. लोकांनी त्यांची टिंगल केली. मी मात्र त्यांच्या बाजूचा. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांत रडकुंडीला आलेली पोरं मी पाहिली आहेत, विनोद करणाऱ्यांनी पाहिली नसावीत. विषयांतर झालं, पण ते लिहायचं राहून गेलं होतं.

तर, त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत नारळीकरांवर पानंच्या पानं आली. त्यांच्या तीन मुलींपैकी गीता नारळीकर सॅन फ्रान्सिस्कोला कॅलिफोर्निया विद्यापीठात जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक आहेत, एवढं कळलं. माझी नात पुण्यात त्याच विषयात एम. एस्सी. करते. तिला फोन केला, "काय गं, त्या नेमकं काय करतात?" ती म्हणाली, "आजोबा, त्या क्रोमॅटिन सरकवणाऱ्या विकरांवर काम करतात. ती विकरं स्वतःला कशी आवरतात, कधी सोडतात, हे शोधतात."

स्वतःला आवरतात! मी फोन हातात धरून बसून राहिलो. चाळीस वर्षांपूर्वी मागच्या बाकावरून आलेला प्रश्न तो हाच की.

मग पुढचे दोन-तीन महिने नातीचं डोकं खाल्लं. ती इंग्रजीतला निबंध वाचायची, मला मराठीत सांगायची, मी वहीत लिहायचो, पुन्हा तिला वाचून दाखवायचो. ती निम्मं खोडायची. जे उरलं ते खाली देतो. चुकलं असेल तर ते माझं.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचा धागा असतो. सगळे तुकडे जोडून ओढून सरळ केला तर सुमारे २ मीटर. म्हणजे माझ्यापेक्षा उंच. आणि तो मावतो कुठे, तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असलेल्या केंद्रकात. १८८० च्या आसपास वाल्थर फ्लेमिंग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पेशींना रंग देऊन पाहिलं, तेव्हा केंद्रकातला हा ऐवज रंग चटकन धरतो असं दिसलं, म्हणून त्याला क्रोमॅटिन म्हणू लागले. क्रोमा म्हणजे रंग. पुढची नव्वदेक वर्षं हा धागा आत कसा ठेवलाय ते नीट कळलं नाही. १९७४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. ओलिन्स पती-पत्नींनी सूक्ष्मदर्शकातून दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखं दृश्य पाहिलं, आणि रॉजर कोर्नबर्ग यांनी त्याचा हिशेब मांडला: आठ प्रथिनांचा एक गठ्ठा, त्याभोवती डीएनए गुंडाळलेला. या प्रथिनांना हिस्टोन म्हणतात आणि त्या रिळाला न्यूक्लिओसोम. १९९७ मध्ये झुरिचमध्ये कॅरोलिन लुगर, टिमोथी रिचमंड आणि सहकाऱ्यांनी या रिळाचं अणूपर्यंत तपशीलवार चित्र काढलं. डीएनएच्या साधारण १४७ जोड्या, पावणेदोनच्या जवळ वेढे. माणसाच्या एका पेशीत अशी सुमारे ३ कोटी रिळं.

आता अडचण बघा. धागा गुंडाळला म्हणजे मावला खरा, पण वाचायचा कसा? वहीला दोरी बांधून माळ्यावर टाकली तर वही सुरक्षित राहते, पण अभ्यास होत नाही.

या अडचणीचं उत्तर यीस्टमधून मिळालं. पाव फुगवतो ते यीस्ट. १९८४ मध्ये दोन प्रयोगशाळा दोन वेगळ्याच गोष्टी शोधत होत्या. एका ठिकाणी यीस्ट आपला लिंगप्रकार का बदलू शकत नाही ते पाहत होते, दुसरीकडे काही यीस्ट साध्या साखरेवर का वाढत नाहीत ते. पहिल्यांनी आपल्या जनुकांना 'स्विच'वरून स्वि नाव दिलं, दुसऱ्यांनी एसएनएफ. पुढे लक्षात आलं की यातली काही जनुकं एकच! एकाच माणसाला सासरी एक नाव आणि माहेरी एक, तसं. ही जनुकं जी प्रथिनं बनवतात ती एकत्र येऊन एक यंत्र होतं आणि ते यंत्र एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून रिळावरचा धागा सैल करतं, हे १९९४ पर्यंत स्पष्ट झालं. त्या कामात बॉस्टनच्या रॉबर्ट किंग्स्टन यांची प्रयोगशाळा होती. आणि यीस्टमधल्या स्वि जनुकांचा शोध घेणारे आयरा हर्स्कोविट्झ सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच विद्यापीठातले. ही दोन नावं लक्षात ठेवा, लगेच लागणार आहेत.

गीता नारळीकर मुंबईच्या आयआयटीतून रसायनशास्त्र शिकून अमेरिकेत स्टॅनफर्डला गेल्या. तिथे पीएच. डी. केली ती प्रथिनांवर नव्हे तर विकराचं काम करणाऱ्या आरएनएवर, डॅनिएल हर्शलॅग यांच्याकडे. मग बॉस्टनला किंग्स्टन यांच्याकडे. आणि २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला स्वतःची प्रयोगशाळा. म्हणजे ज्या विद्यापीठात स्वि जनुकांवर काम झालं होतं, तिथेच त्या त्यांच्या भावकीतल्या विकरावर काम करायला पोचल्या. इतिहासाच्या मास्तरला असे योगायोग भारी आवडतात.

त्यांनी घेतलेलं विकर आयस्वि घराण्यातलं. हे घराणं माशीत सापडलं. नावाचा अर्थ 'इमिटेशन स्विच', कारण ते यीस्टच्या स्विसारखं दिसतं. लग्नात घालतात त्या इमिटेशन दागिन्यांसारखं नाव, पण काम अस्सल. १९९५ आणि १९९७ मध्ये माशीच्या गर्भातून आयस्वि असलेली यंत्रं वेगळी केली गेली. त्यांतल्या एकाचं नाव एसीएफ. एसीएफची खासियत अशी की ते रिळं सोडवत बसत नाही, सरकवतं. आणि सरकवून सरकवून ती सारख्या अंतरावर आणून ठेवतं. आमच्याकडे कांद्याची लागण करताना बाया दोन रोपांत वीतभर अंतर कसं बिनचूक राखतात, तसं.

पण बाईला डोळे आहेत, हात आहेत. रेणूला अंतर कळतं कसं?

२००६ मध्ये गीता नारळीकर यांच्या प्रयोगशाळेतून याचं उत्तर आलं. मला या कामातला साधेपणा फार आवडला. त्यांनी एकेकटी रिळं घेतली आणि प्रत्येकाच्या बाजूला मोकळ्या धाग्याची शेपटी कमी-जास्त लांबीची ठेवली. रिळावर आणि धाग्यावर दोन वेगवेगळ्या रंगांत चमकणारे रेणू चिकटवले. दोघांतलं अंतर बदललं की प्रकाश बदलतो, त्यावरून रीळ किती वेगाने सरकतंय ते मोजता येतं. दिसलं असं की बाजूचा मोकळा धागा लांब, तर विकर जोरात. धागा आखूड, तर विकर मंद. आता एका रिळाच्या डावीकडे लांब धागा आणि उजवीकडे आखूड असेल, तर ते डावीकडे वेगाने ओढलं जाणार. जसजसं सरकेल तसतसं डावीकडचं कमी, उजवीकडचं जास्त. दोन्हीकडे सारखं झालं की ओढही सारखी. रीळ मध्यावर. कुणी फूटपट्टी लावायला नको, मुकादम नको.

२००९ मध्ये त्यांनी पुढची पायरी दाखवली. एका रिळावर एक नव्हे, या विकराच्या दोन मोटारी बसतात, दोन्ही बाजूंना एकेक, आणि आळीपाळीने ओढतात. नातीने हे सांगितलं तेव्हा मला ताक घुसळताना दोरीची दोन टोकं धरलेली माझी आई दिसली. नात म्हणाली, "आजोबा, साधारण तसंच, पण दोन हात दोन वेगळ्या बायांचे समजा."

तरी माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर अजून पुरतं मिळालेलं नव्हतं. धागा आखूड असला की विकर मंद होतं, ठीक. पण मंद होतं म्हणजे नेमकं काय होतं? इथे २०१२ साल महत्त्वाचं.

त्याआधी समजूत अशी होती की विकराचा मधला भाग म्हणजे इंजिन आणि बाजूचे भाग म्हणजे त्याला जोर देणारे मदतनीस. सेड्रिक क्लॅपिए आणि ब्रॅडली केर्न्स यांनी यूटामध्ये बाजूच्या भागांतले दोन छोटे तुकडे बिघडवून पाहिले. मदतनीस बिघडला तर काम थांबायला हवं. झालं उलटंच. विकर मोकाट सुटलं! एरवी ज्या खुणा मिळाल्याशिवाय ते हलत नसे, त्या खुणांशिवायही काम करू लागलं. पुढच्याच वर्षी म्युनिकमध्ये फेलिक्स म्यूलर-प्लानिट्झ आणि पीटर बेकर यांच्या गटानेही दाखवलं की नुसतं इंजिन स्वतःच्या बळावर रीळ सरकवू शकतं. म्हणजे बाजूचे भाग ढकलायला नव्हतेच मुळी. त्यांतले काही आवरून धरायला होते. मी वहीत या ओळीखाली दोनदा रेघ मारली आहे. गडी थकत नाही हे मी बरोबर सांगितलं होतं, पण गड्याच्या अंगातच लगाम असतो हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

या दोन लगामांतला पहिला तर अफलातून आहे. रिळातल्या एच४ नावाच्या हिस्टोनला एक लोंबती शेपटी असते. ती शेपटी इंजिनावरच्या एका जागी टेकली की विकराला कळतं, आपण खऱ्या रिळावर आहोत, चला कामाला. आणि हा पहिला लगाम म्हणजे विकराच्या स्वतःच्या अंगातला असा तुकडा, जो त्या शेपटीच्या एका भागासारखाच आहे! तो इंजिनाला धरून बसतो आणि इंजिन थंड राहतं. मला समजेना. मग एकदम एसटी आठवली. स्टँडवर गाडी लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचो ना? सीटवर रुमाल आहे, माणूस नाही. कंडक्टर घंटी मारत नाही. खरा पाहुणा आला, त्याने रुमाल उचलला आणि बसला, की टिंग-टिंग. विकर आपल्याच रुमालाने आपली जागा अडवून बसतं. खरी शेपटी आली की रुमाल बाजूला होतो. नातीने हे उदाहरण खोडलं नाही. २०१६ मध्ये चीनमधल्या छिंगह्वा विद्यापीठातल्या गटाने एका बुरशीतल्या आयस्विचं चित्रच काढलं, त्यात हा तुकडा इंजिनाच्या दोन पाकळ्या चुकीच्या ठेवणीत धरून ठेवताना दिसतो.

दुसरा लगाम वेगळा. तो इंजिन बंद करत नाही. इंधन जळत राहतं, पण त्यातून रीळ सरकत नाही. बाजूला पुरेसा मोकळा धागा सापडला की हा लगाम सुटतो. म्हणजे २००६ चं ते अंतर मोजणं आणि हा लगाम एकमेकांना येऊन मिळाले. हे मला मात्र कुठल्याही उदाहरणात बसवता येईना.

पुढे २०१८ मध्ये गीता नारळीकर यांच्या गटाने आणखी एक खूण दाखवली. रिळाच्या पृष्ठभागावर ऋणभार साठलेला एक पट्टा आहे, आणि माणसातल्या आयस्विचा लगाम सुटायला तोही हातभार लावतो. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनीच दाखवलं होतं की विकर ओढू लागलं की रिळाचा हिस्टोनांचा गठ्ठा स्वतःच थोडा वाकतो. १९९७ च्या चित्राने सगळ्यांची समजूत झाली होती की रीळ म्हणजे दगड. दगड नाही तो. २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्या निवडून गेल्या. लगामाची युक्ती फक्त याच घराण्यात आहे असंही नाही. सीएचडी१ नावाच्या दुसऱ्या विकरात इंजिनाच्या तोंडावर फाटक लावल्यासारखा भाग आहे, काम तेच.

हे सगळं कशासाठी, असं घरात विचारलं गेलं. कॅन्सरच्या दर पाचातल्या साधारण एका गाठीत स्वि-एसएनएफ घराण्याच्या जनुकांत बिघाड सापडतो. आमच्या घरात दोन माणसं कॅन्सरने गेली आहेत. त्यांच्या गाठीत काय बिघडलं होतं हे कुणी तपासलं नव्हतं आणि आता कळणारही नाही. मी एवढं सांगितलं आणि गप्प बसलो.

राळेगणमध्ये राहून हे लिहिताना एक मोह झाला, तोही कबूल करतो. १९७५ मध्ये अण्णा लष्करातून गावी आले, त्यानंतर नालाबंडिंग झालं, पाझर तलावाचं काम झालं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, दारूबंदी झाली. वाटलं, लिहावं की गावानेही स्वतःला असाच लगाम घातला. दोन परिच्छेद लिहिले आणि पुसून टाकले. गावातल्या बंदीमागे माणसं होती, भांडणं होती, श्रमदान होतं, धाकही होता. शेळी बांधून ठेवायला कुणालातरी मन मारावं लागलं होतं. रेणू मन मारत नाही. त्याच्या अंगातला तुकडा जागेवर बसतो किंवा उठतो, एवढंच. दोन्हींना 'संयम' म्हटलं तर गावावरही अन्याय आणि विज्ञानावरही.

आता देण्याचं. तो मागच्या बाकावरचा पोरगा आज पन्नाशी ओलांडलेला शेतकरी आहे. दहावीनंतर शिकला नाही. स्वतःचा ट्रॅक्टर आहे, भाड्याने रोटा मारून देतो. परवा पारनेरच्या बाजारात गाठ पडली. चहा घेऊ म्हणाला. मी म्हटलं, "तू मला नववीत एक प्रश्न विचारला होतास, आठवतो का?" त्याला आठवत नव्हता! मला चाळीस वर्षं टोचतोय आणि हा विसरून गेला. मग मीच प्रश्न सांगितला आणि टपरीवरच्या बाकावर बसून उत्तरही सांगितलं. रुमालाशी आल्यावर तो हसला. दुसऱ्या लगामाशी मी अडखळलो. म्हटलं, इंजिन चालू, डिझेल जळतंय, पण गाडी पुढे जात नाही, असं काहीतरी.

"सर, क्लच दाबलाय त्यानं," तो म्हणाला.

नातीला तिथूनच फोन लावला. ती म्हणाली, बरोबर, संशोधकही इंधन जळणं आणि सरकणं यांतला सांधा सुटतो असंच म्हणतात.

चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत. उठता उठता म्हणाला, "पण सर, हे विकर बनवायची चिठ्ठी त्या धाग्यावरच लिहिलेली असणार ना? म्हणजे ती पण रिळाला गुंडाळलेली. मग पहिल्यांदा ती सोडवली कोणी?"

मी म्हटलं, थांब, विचारून सांगतो. नातीची परीक्षा चालू आहे, रविवारी फोन करणार आहे.

कळावे.